तिसऱ्या मजल्यावरचा टाय

दि. ९ मार्च, दुपार

प्रिय ताई,

मी बरा आहे. तुम्ही सगळे बरे असाल असं पुढे लिहायची पद्धत आहे, पण तुम्ही बरे नाही हे तुझ्याच पत्रात वाचलंय, त्यामुळे ते वाक्य गाळतो.

तुझं पत्र येऊन तीन महिने झाले. उत्तर लिहायचं राहून गेलं असं म्हणणार नाही, कारण राहून गेलं नाही, मी राहू दिलं. सांगायला कारणं आहेत. पहिला महिना पेन नव्हतं. मग पेन मिळालं तर खोलीतला नळ गळायला लागला, आणि तो बंद करायला दुसरं काही मिळेना म्हणून पेन त्याच्या तोंडात कोंबलं. हसू नकोस, नळ अजून गळत नाही. मग एकदा चांगली दोन पानं लिहिली आणि ती सगळी इथल्या कबुतरांबद्दल निघाली. ती फाडली. फोन करावा तर तुझा आवाज ऐकला की माझ्या तोंडून आपोआप ‘सगळं ठीक’ निघतं आणि मी फोन ठेवून देतो. म्हणून कागद. कागद मधेच ‘जेवलास का’ विचारत नाही.

अक्षराला नावं ठेवू नकोस. तूच शिकवलंयस.

मी आत्ता एका इमारतीच्या चौथ्या मजल्यावर, रिकाम्या खोलीत, फरशीवर बसलोय. घरातली माणसं दुरुस्ती होईपर्यंत दुसरीकडे राहायला गेलीत. भिंतीवर त्यांच्या कॅलेंडरचा चौकोन तेवढा उरलाय. बाहेरून आम्ही लोखंडी पाइपांची सहा मजली परांची बांधलीये, हिरवी जाळी लावून. आज सकाळपासून वारा इतका आहे की मुकादमाने खाली लाल कार्ड लटकवलं, म्हणजे कोणी परांचीवर चढायचं नाही. (हिरवं कार्ड असलं की चढायचं. तुला हे माहीत आहे. तपासनीस म्हणून भावोजींच्या खिशात दोन्ही असायची.) सगळे खाली पत्ते खेळतायत. मी जिन्याने वर आलो. मला खाली बसवत नाही. वाऱ्यात पाइप वाजतात ना, बारीक, केटलीसारखे, ते मला खाली बसून ऐकवत नाही. वर येऊन ऐकवतं असंही नाही.

इथल्या खिडकीतून एक पाइप आत आलाय. त्याच्या टोकाला जमिनीपासून छतापर्यंत एक उभा खांब आवळलाय. हा टाय. परांचीला इमारतीशी धरून ठेवतो. मी त्याच्या शेजारी बसलोय आणि मधून मधून त्याला हात लावून बघतोय. दर चार ओळींनी. तू शेजारी असतीस तर म्हणाली असतीस, अरे सोड, पळून जातोय का तो.

तर आज सकाळी काय झालं ते सांगतो. त्यावरूनच पत्र लिहायला बसलो.

दुसऱ्या मजल्यावर एक गृहस्थ राहतात, टापटिपीचे, घरातसुद्धा बूट घालणारे. त्यांनी नवं कपाट मागवलंय आणि ते जिन्यातून जाईना. मी जिन्यात त्यांना भेटलो तर म्हणाले, “अहो, तुमचा हा पाइप खिडकीतून जरा काढता का? कपाट दोरीने वर ओढून घेतो. पाच मिनिटांचं काम. लगेच परत लावा.”

ताई, मी ओरडलो. असा ओरडलो की कपाटाचा एक खण त्यांच्या हातातून पडला आणि जिन्यावरून दोन मजले खाली गेला. “हात लावायचा नाही! कोणी हात लावायचा नाही त्याला!” लोक दारं उघडून बघायला लागले.

माझ्या जोडीला एक जण आहे, त्याला आम्ही रेडिओ म्हणतो, कारण बंद होत नाही. तो खालून धावत आला. “अरे, कोण मेलं का तुझं?”

“नाही. मेलं नाही कोणी.”

“मग एवढा का बोंबलतोस? मला वाटलं आग लागली. कपाटवाले घाबरून खणात जाऊन बसले असते.”

मग त्याने त्या गृहस्थांची माफी मागितली, खण आणून दिला, आणि मला म्हणाला, “वर जाऊन बस जरा. डोकं थंड झालं की ये. नाही झालं तर येऊ नकोस.”

म्हणून वर आलो.

तुझं पत्र माझ्या खिशात असतं. घड्यांवर फाटलंय. त्यातली एक गोष्ट मला पाठ झालीये. तू लिहिलंयस की त्या दिवशी सकाळी तू भावोजींशी भांडलीस. चिमणीच्या शाळेत पालकांना बोलावलं होतं आणि भावोजी म्हणाले जमणार नाही, तर तू म्हणालीस, “तुम्हाला पाइपांशिवाय कोणी दिसतं का?” आणि ते चहा न पिता गेले. “त्यांचं डोकं ठिकाणावर नव्हतं म्हणून तपासणीत चुकले. मी तोंड आवरलं असतं तर ते आज दोन पायांवर असते.” असं लिहिलंयस तू.

आणि पुढे, की भावोजी आता कुठे जात नाहीत, फाटकापर्यंतसुद्धा नाही. काठी घेऊन घरातच फिरतात आणि पान्याने वस्तू ठोकतात. खिडकीचे गज. पलंगाचे पाय. चिमणीने पण एक चमचा घेतलाय आणि ती त्यांच्या मागे मागे ठोकत जाते, आणि तुला हसावं की रडावं कळत नाही.

पेन मिळाल्यावर ते परत वाचून मी काय केलं माहितीये? त्या दिवशी नळ दुरुस्त केला.

भावोजींनी मला कामावर घेतलं तेव्हा मी बेकरी सोडली होती, ट्रकवरची क्लीनरगिरी सोडली होती आणि रोपवाटिकेतून मला काढलं होतं. (गुलाबांना पाणी घालता घालता मी एका मुंग्यांच्या रांगेमागे गेलो आणि नळ चालू राहिला. तुला सांगितलं होतं की मालक खडूस आहे. मालक चांगला होता.) पहिल्याच दिवशी भावोजींनी माझ्या हातात पाना दिला आणि एकेक टाय ठोकायला लावला. घट्ट असला की ‘टक’ वाजतो, कोरडा. ढिला असला की ‘ठण्ण’ करून लांबतो. मी म्हटलं, लावणाऱ्यालाच विचारलं तर नाही का चालणार? तर म्हणाले, “पाइपाला विचारायचं. माणसाला नाही. माणूस ‘हो हो, घट्ट आहे’ म्हणतो.”

आणि दुसरा नियम. लावलेला टाय काढायचा नाही. काढायचीच वेळ आली तर आधी शेजारी दुसरा लावायचा, तो ठोकून बघायचा, मग पहिल्याला हात. “चारचौघांत पँट बदलायची वेळ आली तर आधी काय करशील?” मी म्हटलं, लाजेन. “त्याच्याही आधी?” “टॉवेल गुंडाळेन.” “हां. टॉवेल आधी.” मग आमच्या टोळीत ते वाक्यच झालं. कोणी क्लॅम्पला पाना लावला की खालून कोणीतरी ओरडायचं, “टॉवेल!” येणारे-जाणारे लोक वर बघायचे, आंघोळ चाललीये की काय.

चहा घेऊन रेडिओ आत्ता वर आला होता. म्हणाला, “कुणाला लिहितोस एवढं? मुलगी आहे का?” मी म्हटलं बहीण. “मग एवढं काय लिहायचं असतं बहिणीला?” आणि उत्तराची वाट न बघता त्याच्या बहिणीचं लग्न, तिच्या दिराची मोटारसायकल आणि मोटारसायकलचा रंग एवढं सगळं सांगून गेला. चहा गार झाला. मी तो प्यायलो. आता मधे सांगण्यासारखं काही उरलं नाही.

ती जुनी इमारत, जिथे अपघात झाला, तिच्या तिसऱ्या मजल्यावर टोकाला एक बाई राहायच्या. एकट्या. टपालखात्यातून निवृत्त झालेल्या, सत्तरीच्या पुढच्या. त्यांच्या पलंगाशेजारच्या खिडकीतून आमचा टाय आत गेला होता आणि तीन आठवडे खिडकी लागत नव्हती. फटीत त्यांनी फडकी कोंबली होती. सारख्या खोकायच्या. पण स्वभाव मजेशीर. पहिल्यांदा भेटल्या तेव्हा म्हणाल्या, “अरे, हा तुमचा माणूस माझ्या घरी राहायला आलाय, निदान नाव तरी सांग त्याचं.”

“टाय.”

“टाय? मग शर्ट कुठेय?”

त्या दिवशी, भावोजींनी सकाळी आठला सगळं ठोकून हिरवं कार्ड लावल्यानंतर, मी बाईंच्या खिडकीसमोरच्या फळ्या सारख्या करत होतो. साडेदहा झाले असतील. बाई शाल डोक्यावरून घेऊन बसल्या होत्या. म्हणाल्या, “काल फार थंडी वाजली रे. याला दुसरीकडे नाही का पाठवता येणार?” चिडून नाही म्हणाल्या. चिडल्या असत्या तर बरं झालं असतं, मी मुकादमाकडे बोट दाखवून मोकळा झालो असतो.

मला वाटलं, सोपं आहे. खिडकीच्या बाजूच्या भिंतीत भोक पाडून बोल्ट मारू आणि टाय बाहेरच्या बाहेर त्याला धरू. भावोजींना सांगितलं असतं तर त्यांनी दहा मिनिटांत केलं असतं. पण मला ते स्वतः करून मग त्यांना दाखवायचं होतं. बघा भावोजी, बाईंची खिडकी लागली. भोक पाडायला पाइप आड येत होता. म्हणून आधी पाइप काढला.

लिहिलं बघ. मी काढला, ताई.

भोक पाडलं. चांगलं पाडलं. बोल्ट पिशवीत नव्हता. बाईंनी खिडकी लावून घेतली आणि काचेआडून मला दोन्ही हात जोडले. मी खाली कोठारात गेलो, बोल्ट घेतला, खिशात टाकला, आणि परत निघालो. फाटकात एक ट्रक मागे येत होता, काच घेऊन. शेजारच्या दुकानाची काच, एवढी मोठी, भिंतीएवढी, उभी बांधलेली. ड्रायव्हरला दिसत नव्हतं म्हणून मी हात दाखवायला थांबलो. आणि ट्रक वळला तशी त्या काचेत आपली अख्खी परांची आली. खालपासून वरपर्यंत, जाळी, शिड्या, रंगाऱ्यांचे डबे, मागे आभाळ, आणि काच हलेल तसं सगळं हलतंय. मी आजवर ती बाहेरून अशी बघितलीच नव्हती. आपण बांधलेलं एवढं सुंदर दिसतं! काच उतरेपर्यंत मी तिथेच. मग जेवणाची वेळ झाली. मग मुकादमाने मागच्या बाजूला फळ्या वाहायला पाठवलं.

एवढंच. यापेक्षा मोठं कारण माझ्याकडे असतं तर लिहायला सोपं गेलं असतं.

तीनला वारा सुटला. त्या टोकाला बाल्कन्यांमुळे दोनच टाय होते, एक बाईंच्या खिडकीतला आणि एक त्याच्या वर. जाळीत वारा भरला तसा वरच्या एकट्याला ओढ सोसेना. रंगारी दोघं वर होते, त्यांनी नंतर सांगितलं की भिंत आपल्यापासून लांब चाललीये असं वाटलं. भावोजी खाली होते. ते खालीच राहू शकले असते. ते वर गेले, दोघांना पलीकडच्या शिडीवर ढकललं, आणि त्यासाठी स्वतःच्या सुरक्षा-पट्ट्याची कडी सोडली. रंगारी उतरले. मग टोकाची बाजू कलली आणि भावोजी तिच्याबरोबर आले. खाली वाळूचा ढीग होता म्हणून.

मी मागच्या बाजूने धावत आलो तेव्हा धूळ बसत होती. पाइपांचा ढीग होता, आणि ढिगात सगळे पाइप सारखे दिसतात. कुठला कुठे होता, कोण ओळखणार? बोल्ट खिशात आहे हे मला हॉस्पिटलच्या बाकावर बसल्यावर कळलं. तू माझ्या शेजारी होतीस. तू माझा हात हातात घेतलास. दुसरा हात खिशात होता, बोल्टवर.

चौकशीत मला विचारलं, तू कुठे होतास? मी म्हटलं, मागच्या बाजूला. तुला काही माहीत आहे? मी म्हटलं, मी मागच्या बाजूला होतो. बाईंना कोणी काही विचारलंच नाही. आणि पलंगावर पडलेल्या भावोजींना विचारलं, तिसऱ्या मजल्याचा टाय तपासला होता का? तेव्हा ते काय म्हणाले तुला आठवतंय? मी दारात उभा होतो. “आठला ठोकून बघितला असं मला आठवतं. पण खिडकी तर बंद सापडली, टाय नव्हता ना तिथे. म्हणजे मी बघितला नसणार.”

पाइपाला विचारायचं, माणसाला नाही. स्वतःलासुद्धा नाही. ताई, त्यांनी स्वतःच्या आठवणीवर विश्वास ठेवला नाही, कारण पाइप वेगळं सांगत होता. आणि पाइप तसं का सांगतोय हे दारात उभ्या असलेल्या माणसाला माहीत होतं. त्यांचं तपासनिसाचं कार्ड काढून घेतलं. मी चार दिवसांनी तुझ्या घरातून निघालो. तुला वाटलं, पोरगा घाबरला, उंचीची भीती बसली. उंचीची नाही बसली.

तर आता सगळं नीट लिहितो, म्हणजे कुणाला दाखवायचं झालं तर दाखवता येईल. भावोजींनी त्या दिवशी आठ वाजता तिसऱ्या मजल्याचा टाय तपासला. तो घट्ट होता. साडेदहाला तो मी काढला, न विचारता, आणि परत लावला नाही. ते चुकले नाहीत. त्यांचं डोकं ठिकाणावर होतं. तुझ्या भांडणाचा याच्याशी काही संबंध नाही, तू रोज भांडलीस तरी चालेल. बाईंना विचारा, त्या सांगतील.

इथला मुकादम मला तपासनिसाच्या शिक्षणाला पाठवतो म्हणतोय. म्हणतो, तुझ्यासारखं ठोकून कोणी बघत नाही. मी दर वेळी नाही म्हणतो. कार्डावर मी कुठल्या तोंडाने सही करणार?

हे वाचून तू मला काय म्हणशील ते मी सगळं मनात म्हणून बघितलंय. तुझ्या आवाजात. शिव्यांचं मला काही वाटत नाही. तू काहीच बोलली नाहीस तर काय, तिथे मी अडकतो. चिमणीला सांगू नकोस एवढ्यात. की सांग. मला कळत नाही. बापाच्या मागे चमचा घेऊन ती

थांब. खालून रेडिओ ओरडतोय.

ताई, खिडकीशी जाऊन आलो.

मी वाकून बघितलं. परांचीच्या पायथ्याशी एक माणूस उभा आहे, काठी घेऊन, खांद्याला पिशवी. लाल कार्ड वाचतोय. पूर्ण वाचतोय, मागची बाजूसुद्धा उलटून. मला वाटलं कोणी सरकारी माणूस असेल. मग त्याने काठी भिंतीला टेकवली, खिशातून पाना काढला आणि खालच्या पाइपावर ठोकलं. टक. एक पाऊल सरकला, भिंत धरून. टक. पुढचा. टक.

ते आलेत. फाटकापर्यंत न जाणारे भावोजी एवढा प्रवास करून आलेत. तू पाठवलंस? की तुला न सांगता निघाले? बाईंना भेटून आलेत का? की नुसतेच मला घरी न्यायला आलेत, मेव्हणा उंचीला घाबरलाय म्हणून?

रेडिओ ओरडतोय, “अरे ए! तुझे पाहुणे आलेत! मी म्हटलं वर चला, तर म्हणतात लाल कार्डाखालून जाणार नाही, त्यालाच खाली बोलव! आणि विचारतायत, चौथ्या मजल्याचा टाय कुणी लावला?”

मी लावलाय. आत्ता परत हात लावून बघितला. घट्ट आहे.

आता हे टपालाने नाही पाठवत. घडी करून खिशात घालतो आणि खाली जातो. आधी तोंडाने सांगतो, कागद मधे न धरता. सांगून झालं की पत्र त्यांच्याच हाती देईन. ते तुझ्याकडे घेऊन आले तर समज की मी सगळं सांगितलं. माझ्याशी बोलणं ठेवायचं की नाही, ते नंतर तुम्ही दोघं ठरवा. बोल्टही देतो बरोबर.

जिन्याला अठ्ठ्याऐंशी पायऱ्या आहेत. ते अजून ठोकतायत.

त्या दिवशी साडेदहाला टाय काढणारा,
तुझा धाकटा भाऊ